भाठ्यातलं संत्रं

आमच्या अंगणातल्या संत्र्याच्या झाडाला मी चोरून पाणी घालत होते. चोरून म्हणजे नवऱ्यापासून चोरून. बाकी जगाला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. दुपारी जेवण झालं की हे आडवे व्हायचे. घोरणं सुरू झालं की मी तांदूळ धुतलेल्या पाण्याचा गंज उचलायची आणि मागच्या दाराने निघायची. पस्तीस वर्षांच्या संसारात यांच्यापासून मी दुसरं काही लपवलं नाही. साडीची किंमत कमी सांगितली असेल, पण ती कोण नाही सांगत!

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा आम्ही तात्यापाऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. हे सरकारी कचेरीत होते. भोपाळहून साहेब लोक पेट्या घेऊन उतरायला लागले, लाल दिव्याच्या गाड्या फिरायला लागल्या, आणि जिथे दिवसाउजेडी कुत्रं फिरकत नव्हतं तिथे चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडले. त्यातला एक आम्ही घेतला. जमीन म्हणजे निव्वळ भाठा. इकडे लाल, मुरमाड, खड्याखड्यांच्या माळाला भाठा म्हणतात. धान होत नाही म्हणून तर तो घरांसाठी सोडलेला. मी पहिल्यांदा पाहायला गेले तर चपलेचा अंगठाच तुटला. मी म्हटलं, "अहो, इथं काय पाहून राहिले तुम्ही?" हे म्हणाले, "अंगण."

हे काटोलकडचे. यांच्या वडिलांची संत्र्याची बाग, आता धाकटे दीर पाहतात. नोकरीसाठी यांनी विशीत गाव सोडलं, पण डोक्यातून बाग काही गेली नाही. कोणाच्या घरी संत्रं पुढे आलं की हे आधी सालीवरून बोट फिरवणार, देठ पाहणार, मग ते फळ पावसाळ्यातल्या फुलाचं की हिवाळा सरतानाच्या फुलाचं ते सांगणार आणि मग खाणार. समोरचा बिचारा फोड हातात घेऊन ऐकत बसलेला. माझं डोकं फिरायचं. मी पडले रेल्वेवाल्याची मुलगी. गुढियारीत आमच्या क्वार्टरसमोर एक नळ आणि एक तुळस, एवढीच आमची शेती. झाडाला पाणी घालायचं, बस्स, त्यात शिकण्यासारखं काही असतं हे मला लग्नानंतर कळलं.

घर बांधून झालं त्या पावसाळ्यात आम्ही नर्सरीत गेलो. नर्सरीवाला भला माणूस. त्याने यांना विचारलं जमीन कोणती, हे म्हणाले भाठा. तर तो म्हणाला, "तो भैया, जाम लगाइए, सीताफल लगाइए, मुनगा लगाइए. भाठा में ये सब आँख मूँद के होता है." पेरूला इथे जाम म्हणतात, शेवग्याला मुनगा. यांनी एक जाम घेतलं, एक लिंबू, दोन पपया. मला वाटलं झालं. तर हे हळूच विचारतात, "और संतरा?" नर्सरीवाला हसला. "संतरा नागपुर में खाइए, साहब." रिक्षात बसल्या बसल्या मी ओळखलं, आता हा माणूस संत्रंच लावणार. कोणी नाही म्हटलं की यांच्या अंगात यायचंच.

दिवाळीच्या आधी धाकटे दीर नागपूर स्टेशनावर एक कलम घेऊन आले. हे इथून गाडीने गेले, ते तिकडून आले, फलाटावर देणंघेणं झालं आणि हे परतीच्या गाडीत बसले. रायपूरपर्यंत सहा तास ते कलम मांडीवर. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून घरी आणताना यांनी तिला तात्यापाऱ्यापर्यंतसुद्धा मांडीवर घेतलं नव्हतं, हात भरून येतो म्हणाले होते. हे मी त्यांना ऐकवलं. हसले नुसते.

मग त्या कलमाचं जे कौतुक चाललं, बाप्पा! मागच्या दारासमोर, पण रस्त्यावरूनही दिसेल अशा कोपऱ्यात कंबरभर खड्डा खणायला दोन माणसं लावली, पहार आपटून त्यांच्या हाताला फोड आले. इकडे काळ्या मातीला कन्हार म्हणतात, ती ट्रॉलीभर मागवली. खड्डा त्या मातीने, शेणखताने, निंबोळीच्या पेंडीने भरला. झाडाभोवती एक छोटं आळं, त्याच्या बाहेर दुसरं मोठं. पाणी बाहेरच्या आळ्यातच द्यायचं. बुंध्याला पाणी लागलं की डिंक गळतो म्हणे. हे मला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मी म्हटलं, "तुमच्या झाडाले मी हातच नाही लावत, जा." ते म्हणाले, "नको लावजो." आणि खरंच, चार वर्षं त्या झाडाचं पाणी यांनीच केलं. उरल्याकडून वारा आला की कारखान्याची काळी भुकटी पानांवर बसायची, तर रविवारी ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचे. घरातल्या पंख्याला मात्र कधी फडकं लावलं नाही.

जाम दुसऱ्या वर्षीच लागला. पपया तर इतक्या झाल्या की वाटून वाटून आम्ही शेजाऱ्यांना नकोसे झालो. लिंबाचं लोणचं भिलाईला मुलीकडे जायला लागलं. संत्रं मात्र नुसतं हिरवंगार. उंच झालं, डेरेदार झालं, फूल नाही. येणारा-जाणारा विचारायचा, "ये कौन सा पेड़ है?" संत्र्याचं म्हटलं की मान हलवून पुढे जायचा. ती मान हलवणं यांना फार लागायचं. रिटायर झाल्यावर तर दिवसभर घरातच, त्यामुळे सगळ्या माना दिसायच्या.

त्याच वर्षी यांच्या पायांना सूज आली. तपासण्या झाल्या. दोन्ही किडन्या जवळजवळ गेलेल्या. डॉक्टर तरुण होता, चांगला होता, त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि पाणी दिवसाला एक लिटर. चहा, वरण, गोळ्यांसोबतचा घोट, सगळं त्यात धरून. केळं नाही, नारळपाणी नाही, संत्रं नाही. संत्र्याचं नाव काढल्यावर हे एकदम हसायला लागले. डॉक्टरला कळेना. मला कळलं, पण मला हसू आलं नाही.

मी सकाळी एक लिटरची बाटली भरून फ्रीजवर ठेवायची. दिवसभराचं सगळं त्यातूनच. अर्धा कप द्यायची आणि बाटलीकडे पाहायची. मी फार कडक होते. मुलगी यायची तेव्हा म्हणायची, "आई, एक घूँट से क्या होगा?" मी म्हणायची, "तू गप बस." यांचे ओठ सुकून पांढरे व्हायचे, जीभ ओठांवरून फिरत राहायची. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची, पण देत नव्हते. डॉक्टरने सांगितलं होतं ना. मी सांगितलेलं ऐकणारी बाई आहे.

डिसेंबर लागला तसं यांनी एक दिवस खुर्ची अंगणात टाकायला सांगितली. बसले, झाडाकडे पाहत म्हणाले, "यंदा ताण देतो."

मी विचारलं, ताण म्हणजे काय. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. संत्र्याला पाणी देत राहिलं की ते नुसतं पानं काढत बसतं, आरामात असतं, त्याला फुलायची गरजच वाटत नाही. म्हणून हिवाळ्यात त्याचं पाणी तोडायचं. एकदम बंद. पानं मलूल होतात, मान टाकतात, कडा वळतात. झाडाला वाटतं आता आपण मरतो. मग संक्रांतीच्या सुमाराला भरपूर पाणी सोडायचं, की तीन आठवड्यांत अंगभर फुलून येतं. यांचे वडील चाळीस दिवसांचा ताण देत. "चाळीस म्हणजे चाळीस. एकोणचाळिसाव्या दिवशी पाणी देल्लं तर बाबा आमाले मारत."

"आणि मेलं तर?" मी विचारलं.

"मरत नाही. संत्र्यावाल्याचा हात असते तो. कधी तोडायचं, कधी सोडायचं, ते हाताले समजते." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मले ताण, झाडाले ताण. पाहू कोणाले बहार येते."

"तुम्हाला खायचं तरी आहे का ते?" मी चिडले होते. असलं बोलणं मला खपत नाही. "एक फोड पण मिळणार नाही."

"खायचं नाही वं. पाहायचं आहे. एक लागलं तरी चालते. माझ्या हातचं एक."

तेवढंच मागणं होतं त्यांचं. मी नीट ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मला कधी म्हणता येणार नाही.

पाणी तुटलं. पहिले पाचसहा दिवस झाडाला काही झालं नाही. आठव्या-नवव्या दिवशी पानं खाली वळायला लागली. अकराव्या दिवशी दुपारी मी भांडी पालथी घालत मागच्या दारात उभी होते आणि पाहिलं तर सगळं झाड खांदे पाडून उभं. पानं कागदासारखी झालेली, हात लावला तर कुरकुर वाजली. आत हे झोपलेले, तोंड उघडं, ओठांना पापुद्रे. दिवसभर एका माणसाला पाणी नाही म्हणायचं, ते मी म्हणत होतेच. वर हे झाडही पुढ्यात तसंच उभं. दोघांचं मला जमेना. मी आत गेले, तांदळाचं धुवण होतं ते उचललं आणि बाहेरच्या आळ्यात ओतलं. बुंध्याला लागू दिलं नाही. एवढं तरी शिकले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. एक गंजभर, जास्त नाही. दोन दिवसांत पानं वर आली. वरची माती ओली दिसू नये म्हणून मी हाताने कोरडा मुरूम पसरवत होते. काय डोकं चालायचं माझं तेव्हा, चोराला लाजवेल असं.

संध्याकाळी हे खुर्चीत येऊन बसायचे आणि विचारायचे, "पाणी नाही न देल्लं?"

"नाही," मी म्हणायची.

"मग मान काहून नाही टाकून राहिलं हे?" बराच वेळ पाहत राहायचे. "चिवट आहे. भाठ्याचं झाड चिवटच असन." आणि चाळीस दिवस झाले तेव्हा म्हणाले, अजून पाच दिवस थांबू. मी तेव्हासुद्धा बोलले नाही. पाच दिवस, पाच गंज.

संक्रांतीनंतर यांनी स्वतः उठून पाइप लावला. उभं राहवत नव्हतं तरी उभे राहिले. बाहेरचं आळं काठोकाठ भरलं. मी तिळाची वडी हातावर ठेवली, तर अर्धी मोडून आळ्यात टाकली. मग रोज सकाळी खुर्ची झाडाजवळ. डायलिसिसच्या दिवशी रिक्षा दारात उभी असायची आणि हे फांद्या वाकवून पाहत असायचे. तीन आठवडे झाले, चार झाले. कोवळी पानं आली, भरपूर आली. फूल एक नाही.

पाचव्या आठवड्यात एक दिवस हे आत आले, खुरपी धुतली, पुसली आणि कपाटावर टाकली. आवाज झाला म्हणून मी पाहिलं. "माझा हात गेला," म्हणाले. "बाबाचा होता, लहान्याचा आहे. माझा गेला. फायलीच चाळल्या जन्मभर, हात राहते कसा?"

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मला वाटलं, सांगितलं तर ते चिडतील, रक्तदाब वाढेल. मग वाटलं उद्या सांगू. मग वाटलं, पुढच्या हिवाळ्यात मी खरंच पाणी देणार नाही, फुलेल, मग हसत हसत सांगू. आता वाटतं ही सगळी थापेबाजी. मला बोलणी खायची नव्हती, एवढंच खरं.

ती खुरपी पुन्हा खाली आली नाही. झाडाचं पाणी माझ्याकडे आलं, मी जामाला घालायची तसंच त्यालाही घालायची. हे त्याच्याकडे पाहत नसत. खुर्ची अंगणात टाकू का विचारलं तर म्हणायचे, "कायले?" कोणी विचारलं हे झाड कशाचं, तर सांगायचे, "आहे कशाचं तरी."

पुढच्या नोव्हेंबरच्या शेवटी डायलिसिस तीनदा करायला लागले. माझे दिवस दवाखान्याच्या बाकावर जायचे. अंगणात मी दहा-बारा दिवस पाऊलही ठेवलं नसेल. झाडांना कोणी पाणी घातलं नाही. जाम, लिंबू, संत्रं, सगळी तशीच.

ज्या दिवशी हे गेले त्या दिवशी घरीच होते. सकाळी दहाच्या सुमाराला पाणी मागितलं. डॉक्टरने आता अर्धीच बाटली सांगितली होती, तीत चार बोटं उरलं होतं आणि दिवस अख्खा पडला होता. मी म्हटलं, "आत्ता नाही. जेवताना देते." ते म्हणाले, "हव." छत्तीसगढीतला हा होकार यांना इतक्या वर्षांत चिकटला होता. बस्स, एवढंच, हव. वाद घातला नाही. मी डाळ चढवायला गेले. परत आले तर गेलेले होते.

बाटलीतलं चार बोटं पाणी तसंच होतं. ते मी सिंकमध्ये ओतलं आणि बाटली विसळून पालथी घातली. हे मला अगदी नीट आठवतं, कारण त्यानंतरचं काही नीट आठवत नाही.

मला रडू आलं नाही. काहीच वाटत नव्हतं. बायका येत होत्या, गळ्यात पडत होत्या, मी त्यांची पाठ थोपटत होते. मनात यायचं, हिच्या पदराला हिंगाचा वास येतोय. नाहीतर, दारातल्या चपला किती झाल्या. मुलगी सारखी माझ्या तोंडाकडे पाहायची. "आई, रो लो ना," म्हणायची. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच निघते. मी म्हणायची, "येईल तेव्हा रडीन, तुला काय घाई आहे?" मग तीच माझ्या गळ्यात पडून रडायची. तेरा दिवस मी चहा केला, गाद्या घातल्या, दिरांना अंघोळीचं पाणी काढून दिलं. हात चालत होते. मी कुठे होते कोण जाणे.

तेरवीला आचाऱ्याची मोठी पातेली अंगणात घासायला घेतली. भांडी घासणाऱ्या दोघींनी नळी लावली, आणि उतार होता म्हणून सगळं पाणी वाहत जाऊन संत्र्याच्या आळ्यात साचलं. दुपारभर साचत होतं. मी खिडकीतून पाहिलं. झाडाची पानं वळून सुरळ्या झालेल्या. मला वाटलं, हेही गेलं. आणि त्याचंही काही वाटलं नाही.

संक्रांत यायची होती. यंदा संक्रांत नव्हतीच घरात. एका सकाळी मला वास आला. कोणीतरी अंघोळीचा नवा साबण आणला असं वाटलं, पण घरात मी एकटी. दोन दिवस तो वास होता आणि दोन दिवस मी शोध घेतला नाही. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालायला बाहेर गेले तर संत्र्याच्या झाडावर पांढरी फुलं. अंगभर नाही, खालच्या दोन-तीन फांद्यांवर. मधमाश्या होत्या. मी ओली चादर हातात धरून उभी राहिले. मग ती दोरीवर टाकली, चिमटे लावले आणि आत आले. कोणाला फोन केला नाही. सांगणार काय होते?

त्यातली बरीच गळली. वाटाण्याएवढी झाली तेव्हाही गळली. पावसाळ्यानंतर अकरा उरली. मी पाणी घालत होते, आळ्यात, नियमाने, मन कुठेच नसताना. दिवाळीनंतर त्यांना पिवळट रंग चढायला लागला. रस्त्याने जाणारे थांबून पाहायचे. एक जण फाटकातून आतच आला, "अरे दीदी, ये तो सचमुच संतरा है!" मी म्हटलं, "मग काय खोटं असेल?" बिचारा गेला.

वर्षश्राद्धाला धाकटे दीर आदल्या दिवशी आले. तेरवीला आले होते तेव्हा कोणाचं लक्ष झाडाकडे होतं? आता फाटकातून आत शिरले तर पिशवी हातातच, आणि सरळ झाडापाशी. एकेक फळ तळहातावर तोलून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी, पाहा, दादाचा हात," म्हणाले. "भाठ्यात संत्रं आणलं दादानं. गावाकडं सांगतो सगळ्याइले."

कसं कोण जाणे, पण तिथेच माझ्या तोंडून निघालं. वर्षभर कोणाशी चार वाक्यं धड बोलले नव्हते, ते सगळं एकदम. दुपारी यांचं घोरणं, तांदळाचं धुवण, वर पसरलेला मुरूम, रोज संध्याकाळचा प्रश्न आणि रोजचं माझं नाही. दीर ऐकत राहिले. मग खाली बसले, आळ्याच्या बाहेरची मूठभर माती उचलली, चुरगाळली. बोटांतून खडे गळून पडले, हातात काही राहिलं नाही.

"दादानं किती दिवसांचा धरला होता ताण?"

"चाळीस. तुमच्या बाबांचं गणित."

"बाबाची जमीन काळी होती, वहिनी. पुरुषभर काळी. ते पाणी धरून ठेवते. हा मुरूम आहे. खड्ड्यात काळी भरली, पण मुळ्या कधीच्या बाहेर पडल्या. याच्यात वीस-पंचवीस दिवसांच्या वर ताण चालतच नाही. चाळीस दिवस धरला असता तर तुम्ही यंदा याचं सरपण जाळलं असतं." ते वर माझ्याकडे पाहू लागले. "तुमच्या पाण्यानं वाचलं हे."

त्यांना वाटलं मला बरं वाटेल. मला इतका राग आला की विचारू नका. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी आलं, तर ते हे. "झाड वाचलं ते कोणाला हवं होतं?" मी ओरडलेच. "ते म्हणाले माझा हात गेला. खुरपी धुऊन वर टाकली. झाड मेलं असतं तर निदान ताण चुकला म्हणाले असते, हात गेला असं नसते म्हणाले. मी समोर उभी राहून ऐकलं आणि वरण वाढायला गेले. तसेच गेले ते. त्याचं काय करू, सांगा?"

भिलाईहून आलेली मुलगी धावत बाहेर आली. "आई, क्या हुआ? थोड़ा पानी ही तो दिया ना पेड़ को?"

दिरांनी पायाशी पडलेले खडे गोळा करून आळ्यात टाकले, हात झटकले. मग हळूच म्हणाले, "त्याचं मी काय सांगू, वहिनी. मी दादा नाही. उद्या येतेच न तो जेवाले. त्याले सांगा."

दुसऱ्या दिवशी गुरुजींचं आटोपलं आणि मी यांचं पान वाढलं. खीर, वडे, कढी, भाजी, यांना आवडायची तशी पातोडीची आमटी. दिरांनी झाडावरचं एक संत्रं तोडून आणलं. मी ते सोललं. एक फोड खाऊन पाहिली. आंबट होतं, दात शिवशिवले, बियाही पुष्कळ. नर्सरीवाला खोटं बोलला नव्हता. बाकीचं सगळं पानावर ठेवलं, अख्खं. आता डॉक्टरची भीती नव्हती.

पानाशेजारी पेला होता. मी तांब्या उचलला आणि अर्ध्यावर माझा हात थांबला. आपोआप थांबला, वर्षदीड वर्षाची सवय. मी अर्ध्या पेल्याकडे पाहत राहिले. मग ओतायला लागले. पेला भरला, वरून वाहिला, पानाखाली गेलं, खिरीची कड भिजली. मुलगी म्हणाली, "आई, बस, बस." मी सगळा तांब्या रिकामा केला आणि तिला म्हटलं, अजून एक भरून आण. तिने आणला.

मागचं दार उघडं होतं, झाड दिसत होतं, दहा संत्री. संध्याकाळी खुर्चीत बसून ते विचारायचे तो प्रश्न मला जसाच्या तसा ऐकू आला. पाणी नाही न देल्लं?

"देल्लं," मी म्हटलं. आवाज फाटला. "झाडाले देल्लं, आणि तुम्हाले नाही देल्लं."